अंजिराच्या कुंपणातली फट

बाबा गेल्यावर आईला मी जुन्या रायपुरातल्या बूढापारा वस्तीतून नवा रायपूरच्या माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. ती आली, पण तिची बॅग काही उघडून कपाटात लागली नाही. पलंगाखालच्या बॅगेतूनच साडी काढायची, धुवून वाळली की घडी घालून परत बॅगेत.

"रस्ते पाह्य एवढाले आन् माणूस पाहाले भेटत नाही," ती म्हणायची. "मी आपली दादाकडे जातो व."

दादा बूढापाऱ्यातच राहतो. पण तिनं माझ्याजवळ राहावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून तिचा जीव रमवायला कुंपणाची टूम मीच काढली. बूढापाऱ्यातल्या तिच्याच अंगणातल्या अंजिराच्या बोटभर जाड फांद्या आणल्या, आणि शेजारच्या रिकाम्या क्वार्टरच्या बाजूनं ओळीनं लावायला बसले. चिकानं कोपरापर्यंत खाज सुटली. आई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती.

"अजून जवळ लाव. कुंपण करून राहिली का बगीचा? आन् मंधात फट ठेव."

"काहून?"

"वानोळा द्याले. फळ आलं का पह्यले शेजारी जाते. तुले काही शिकवलंच नाही वाटते मी."

"अगं, तिथं कुत्रंसुद्धा राहत नाही!"

"राहीन ना कोणी."

माझं डोकंच फिरलं. फट ठेवली की गाई तोंड घालणार. पण ठेवली, वाद कोण घालणार?

फांद्यांना पानं फुटली, कुंपण दाट झालं. दुसऱ्या वर्षी अंजीर धरले, त्याच सुमाराला शेजारी एक छत्तीसगढी कुटुंब राहायला आलं. आईचं मात्र ठरलं होतं, रविवारी दादा न्यायला येणार. जायच्या आधी तिनं पहिले पिकलेले अंजीर बाबांचं नाव कोरलेल्या स्टीलच्या वाटीत भरले आणि फटीतून हात घातला. पलीकडच्या सुनेनं "हव दाई", म्हणजे हो आई, म्हणत वाटी घेतली.

रविवार आला, पण वाटी आली नाही. आईनं दादाला फोन करून थांबवलं. बाबांचं नाव असलेली वाटी सोडून ती जाणं शक्यच नव्हतं.

"मी मागून आणते," मी म्हटलं.

"खबरदार! वानोळ्याची वाटी मागतेत का कोणी? शोभते का तुले?"

खरं सांगू? वाटी येऊच नये असं मला वाटत होतं. पुढच्या रविवारीही आली नाही. आई येता-जाता फटीकडे पाहायची.

मग एका दुपारी ती सून फटीशी उभी राहिली. "दाई, खाली कटोरी कैसे लौटाती? आज फरा बनाया." वाटीत तांदळाचे वाफवलेले फरे होते, अजून गरम.

आईनं ते माझ्यापुढे ठेवले. वाटी घासली, पुसली, आतून नीट पाहिली. आता ती दादाला फोन लावणार म्हणून मी फरा हातात धरून तिच्याकडेच पाहत होते.

"आता मी बी रिकामी कशी धाडू?" ती म्हणाली. "आन् थे बुलबुल एक अंजीर ठेवून नाही राहिले."

पलंगाखालून तिनं बॅग ओढली, एक जुनी मऊ साडी काढली आणि बाहेर जाऊन कुंपणावर पसरली. परत येऊन उरलेल्या साड्या हातावर घेतल्या.

"पाहून काय राहिली? कपाटातला एक कप्पा खाली कर."