मामांची पाठशाळा आणि दिवसाची वीज

जगातले सगळे प्रश्न प्राचीन काळीच सुटलेले आहेत, आपण फक्त उत्तरं हरवून बसलोय, असं मानून इतक्या सुखानं जगणारा माणूस मी माझ्या मामेसासऱ्यांखेरीज पाहिलेला नाही. सेनगावजवळच्या खेड्यात संस्कृत शिकवून मामा निवृत्त झाले, पण मनानं ते कुठल्याशा जुन्या राजाच्या दरबारातून कधी परतलेच नाहीत. मामींना ते 'कोषाध्यक्ष' म्हणतात आणि डब्यातला गुळाचा खडा घ्यायचा तरी त्यांची रीतसर मंजुरी मागतात. सूर्य हा राज्याचा खरा खजिना, म्हणून चहा सूर्यचुलीवर. सकाळी आलेला पाहुणा दुपारी चहा पिऊन निघतो. आभाळ भरून आलं की "आज खजिना बंद हाय," म्हणून मामा मोकळे. तोवर पाहुण्यानं ओसरीवर पेंगावं आणि राजानं तळी, रानं, कुरणं कशी राखावीत ते ऐकावं. त्या संथ आवाजात हळदीच्या पानांवरचा वारा मिसळतो आणि आपण कुठल्या शतकात आहोत तेच कळेनासं होतं.

मग गावात सौरप्रकल्प यायचं ठरलं. तोवर शेताला वीज रात्रीचीच. मामी टॉर्च घेऊन अंधारात पाणी द्यायला जात. आता वीज दिवसा मिळणार होती, पण त्यासाठी गायरान जाणार होतं आणि गावालगतच्या बंजारा तांड्यावरची जनावरं तिथंच चरत. ग्रामसभेत मामा उठले. "शहाणा राजा आधी चराईचं रान राखतो, मग बाकीचा कारभार!"

लोक हसले. सरपंचबाई म्हणाल्या, "मामा, मंग दिवसाची लाईट नको व्हय तुमाला?"

"पाहिजे ना! पण आपल्या उजेडापायी तांड्याची जनावरं काहून उपाशी ठेवता?"

"दुसरी जागा दाखवा," प्रकल्पाचे साहेब म्हणाले.

गायरानाला लागूनच मामांचं मुरमाड रान होतं. तिथं राजनीतीची पाठशाळा काढायची, हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न. दार कुठं, विद्यार्थी बसणार कुठं, हे त्यांनी मला कितीदा तरी चालत दाखवलं होतं. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं.

"तिथं शिकायला येणार कोण व्हतं?" मामी म्हणाल्या. "मीच ना? मी घरी बी ऐकूनच राहिले. देऊन टाका."

सभा खदखदून हसली. मामा हसले नाहीत. टोपी काढून हातात धरत म्हणाले, "मंजूर."

ते रान प्रकल्पाला भाड्यानं गेलं, गायरान राहिलं. मागच्या थंडीत गेलो, तर मामा भर दुपारी बांधावर बसलेले. पलीकडे निळ्या सौरपाट्या चमकत होत्या, अलीकडे हळदीत मामी पाणी देत होत्या.

"पाठशाळेचं वाईट वाटतं?" मी विचारलं.

"वाटतं की." मग हळदीकडे मान वळवून म्हणाले, "इतकी वर्सं हिनं पाणी दिलं, पर समदं अंधारात. पाणी देतानाचं हिचं तोंड मी आत्ता बघून राहिलो."

मामींनी लांबूनच हातानं विचारलं, काय झालं? मामांनी मान हलवली, काही नाही, आणि बघतच राहिले.