खंडागळे मामांची करंगळी

खंडागळे मामा पिस्तुलात करंगळी घालून बघायचे. ते आमच्या पोलीस शस्त्रागाराचे हवालदार, मूळचे पिशोरचे. कुणी पिस्तूल जमा करायला आलं की आधी गोळ्यांचं मॅगझीन काढायचे, मग वरची स्लाइड मागे ओढून एक गोळी बसते त्या चेंबरमध्ये डोकावायचे आणि स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा नसल्यासारखी करंगळी आत फिरवायचे. साहेब असो की शिपाई, सूट कुणालाच नव्हती. रांगेतले लोक चुळबुळ करत, पण मामा ढिम्म.

"मॅगझीन काढलं म्हंजी पिस्तूल मोकळं झालं म्हणणारा लई शहाणा," ते म्हणायचे. "त्याला माज्यापासून लांब उभा करा."

मी भरती झाले तेव्हा डावखुरी म्हणून सगळे चिडवायचे. मामाही मागे नव्हते. डावा हात पुढे केला की चहाचा कप परत ओढायचे. "उजवा हात कर पोरी. डाव्या हातात काही द्यायची रीत नाय आपल्यात."

फायरिंगच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा झाले असते तर हत्यारी ड्युटी कायमची हुकली असती, आणि मला तीच हवी होती. त्या दिवशी दुसरी गोळी झाडली आणि मॅगझीन निसटून बुटावर पडलं. मागे हशा पिकला. मी रडकुंडीला येऊन पिस्तुलासकट मागे वळले. "मामा, पडलं!"

हत्यारं घेऊन आलेल्या मामांनी झडप घालून माझं मनगट धरलं आणि नळी मातीच्या बांधाकडे वळवली. "चापातनं बोट भाईर काड!" त्यांनी स्लाइड ओढली. चेंबरमधली जिवंत गोळी जमिनीवर उडाली. हसणारे सगळे क्षणापूर्वी त्या नळीसमोर होते.

"मॅगझीन पडलं तर पडू दे," मामा मला म्हणाले. "नळी समोरच ऱ्हायली पायजे. समजलं?" मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, मॅगझीन सोडायचं बटण डावीकडं हाय अन् पोरगी डावखुरी. पकडीतच तिचं बोट बटणावर जातंय. आठ दिवस द्या."

साहेबांनी दिले. मामा रिकाम्या पिस्तुलाच्या बटणाला खडू फासायचे आणि मला तासभर पकड धरायला लावायचे. "हात बदलू नको. बोट बदल." तासानंतर बोटावर पांढरं दिसलं की पुन्हा पहिल्यापासून. मॅगझीन मुद्दाम काढायचं तेव्हाच बोट खाली बटणावर आणायचं, तेही नळी बांधाकडे ठेवून. आठव्या दिवशी माझं बोट स्वच्छ निघालं. त्यानंतरच्या परीक्षेत मी पास झाले. पुढे मला शस्त्रागारातच मामांच्या हाताखाली घेतलं.

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी कार्यभार माझ्याकडे आला. हार गळ्यात तसाच ठेवून त्यांनी शेवटचं पिस्तूल टेबलावर ठेवलं. "मोकळं हाय पोरी. मी बघितलंय."

मामांनी बघितलंय म्हटल्यावर पुन्हा काय बघायचं? पण माझे हात थांबले नाहीत. मॅगझीन काढलं, स्लाइड ओढली, डोकावले, करंगळी फिरवली. रिकामं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मामांवर पण भरवसा नाय व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर केली तर मामांचे डोळे भरलेले.

"आता खुशाल घरी जातो," ते म्हणाले.

किल्ल्या घ्यायला मी घाईनं उजवा हात पुढे केला. मामांनी तो बाजूला सारला आणि जुडगा माझ्या डाव्या हातात दिला.