परत न आलेल्या

घरात तिला सगळे 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. पदवी अजून मिळायची होती, पण चिडवायला कुणाची परवानगी लागते? संध्याकाळच्या कॉलेजात शिकवता शिकवता ती शिक्षण अर्धवट सुटलेल्या बायकांवर प्रबंध लिहीत होती. मार्गदर्शकांनी यंदा निक्षून सांगितलं होतं, "मुदतवाढ ही शेवटची. मुलाखतींचं हे प्रकरण दुरुस्तीसाठी परत आलं, तर नोंदणी रद्द."

म्हणून तिने ते प्रकरण आधी चॅटबॉटला दाखवलं. 'कसं झालंय?' असं विचारलं. 'उत्कृष्ट,' उत्तर आलं. तिला बरं वाटलं आणि लगेच संशयही आला. इतकं कौतुक तर तिच्या आईनेही कधी केलं नव्हतं. मग तिने लिहिलं, 'तू कडक परीक्षक आहेस.' आता त्याने स्वल्पविरामांवर तोंडसुख घेतलं. रोग रेड्याला नि औषध पखालीला.

शेवटी तिने काहीच आडपडदा ठेवला नाही. बायका कुठे भेटल्या, त्यांना काय विचारलं, आपल्याला कशाची धास्ती वाटते, सगळं लिहिलं. खाली प्रश्न टाकला, 'तोंडी परीक्षेत कोणत्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसेल?'

उत्तर आलं, 'तुम्हाला भेटलेल्या सगळ्या जणी तुमच्याच कॉलेजातल्या, म्हणजे शिकायला परत आलेल्या. ज्या कधीच परतल्या नाहीत, त्या कुठे आहेत?'

त्यातलीच एक, तिची ताई, दोन गल्ल्या पलीकडे कपडे शिवत होती. ताईने कॉलेज सोडून शिलाई मशीन धरलं, म्हणून हिचं शिक्षण झालं. परक्या बायकांना हिने बोलतं केलं, पण सख्ख्या बहिणीला विचारायचं धाडस कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ताईच्या दुकानात जाऊन बसली.

"ताई, कॉलेज सुटल्याचं तुला फारसं वाईट नाही ना गं वाटलं?"

"छे गं," ताई म्हणाली. मशीन चालूच होतं.

आपण पुन्हा आपल्याला हवं तेच उत्तर मागितलं, हे तिला कळलं आणि स्वतःची लाज वाटली. थोडा वेळ ती खाली पडलेल्या चिंध्या गोळा करत राहिली.

"ताई, तुझा कॉलेजातला शेवटचा दिवस सांग मला. जसा होता तसा."

ताईने मशीन थांबवलं. चष्मा काढून कापडावर ठेवला.

"किती वर्षांनी विचारलंस," ती म्हणाली. "दार लोटून घे आणि बस."