रेमाचं इंग्रजी

त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस सीमेवरच्या आमच्या पोस्टचा रस्ता बर्फाने बंद झाला. तो उघडणार होता एप्रिलमध्ये. मी संखे, वायरलेस ऑपरेटर. माझ्या बंकरमध्ये लान्सनायक लालरेमरुआता, मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट. सगळे त्याला रेमा म्हणत. तो मिझोरामचा, मी पालघरजवळच्या उमरोळीचा. त्याचं हिंदी जेमतेम, माझं इंग्रजी त्याहून वाईट.

भरती होण्याआधी मी बोईसरला एका कारखान्यात कंत्राटी कामाला होतो. पर्मनंट होण्यासाठी मुलाखत झाली. साहेबांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी म्हणालो, “येस सर.” प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, हे त्यांच्या हसण्यावरून कळलं. त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

पोस्टवर दिवस ठरलेला असे. दारासमोरचा बर्फ काढायचा, रेडिओ चेक द्यायचा, पहाऱ्याची संत्री ड्यूटी करायची. बाहेर जायचं ते दोरीला धरून. बाकी वेळ स्टोव्हच्या धुरात बसून राहायचं. उभं राहिलं की डोकं छताला लागे. अशा जागी दोन माणसं भांडतात तरी, नाहीतर बोलतात. आम्हाला दोन्हीसाठी भाषा नव्हती.

सुरुवात रेमानेच केली. बूट दाखवून म्हणाला, “धिस इज अ बूट. दीज आर बूट्स.” डिसेंबर ‘इज’ आणि ‘आर’मध्ये गेला. तो कडक होता. वाक्य चुकलं की चहाचा मग हातात धरून ठेवी. बरोबर आलं की देई.

भूतकाळ जमला, पण ‘हॅज’ डोक्यात शिरेना. मी वैतागून म्हणालो, “झालं ते झालं. त्यात आणखी हॅज कशाला?”

त्याने दाराकडे बोट केलं. “इट स्नोड. फिनिश. इट हॅज स्नोड. सी, संखे? डोअर इज स्टिल ब्लॉक्ड.”

पडला आणि पडलाय. मला मराठीतून एकदम समजलं.

फेब्रुवारीपर्यंत आम्ही ‘इफ’वर आलो. तो विचारी, “इफ यू वेअर अ‍ॅट होम, व्हॉट वुड यू डू?” मी आमच्या वाडीतले चिकू खाई, समुद्रावर जाई, आईशी भांडे. सगळं ‘वुड’ लावून. तेवढा वेळ बंकर थोडा मोठा वाटायचा.

मार्चमध्ये एका सकाळी, नाश्त्यानंतर, वरच्या उतारावरचा बर्फ खाली आला. आवाज फार मोठा झाला नाही. छताची एक लाकडी बल्ली तुटली, दिवा विझला आणि दार बर्फाखाली गेलं. मी टॉर्च लावला. बल्ली रेमाच्या पोटावर पडली होती. मी ती बाजूला केली.

अँटेना उंच खडकावर होता, म्हणून वायरलेस सेट चालू होता. शेजारच्या बंकरमधून सुभेदार साहेबांचा आवाज आला. “संखे, हम खोद रहे हैं. टाइम लगेगा. घबराना मत. ओव्हर.”

मग त्यांनी खालच्या बेसवरच्या डॉक्टरांना जोडून दिलं. डॉक्टर कॅप्टन होते, तमिळनाडूचे. हिंदी त्यांना धड येत नव्हतं.

“रिपोर्ट हिज कंडिशन. इज ही ब्लीडिंग? ओव्हर.”

“नो ब्लीडिंग आउटसाइड, सर. ही हॅज बीन व्हॉमिटिंग सिन्स हाफ अ‍ॅन अवर. ओव्हर.”

रेमाने डोळे न उघडता म्हटलं, “फॉर. फॉर हाफ अ‍ॅन अवर.”

मी वाक्य दुरुस्त करून पुन्हा सांगितलं.

“चेक हिज स्टमक. सॉफ्ट ऑर हार्ड? ओव्हर.”

मी हात ठेवला. “इट वॉज सॉफ्ट व्हेन आय फर्स्ट चेक्ड. इट इज गेटिंग हार्डर, सर. ओव्हर.”

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. माझं इंग्रजी त्यांना नीट कळलं होतं. त्या दिवशी ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

“कीप हिम वॉर्म. डोन्ट गिव्ह हिम वॉटर. हेलिकॉप्टर विल कम व्हेन द वेदर क्लिअर्स. ओव्हर.”

रेमाने सगळं ऐकलं होतं. तो नर्सिंग असिस्टंट होता, पोट कडक होणं म्हणजे आत रक्तस्राव, हे त्याला समजावण्याची गरज नव्हती. त्याने पाणी मागितलं. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, “यू आर राइट.” मी रुमाल ओला करून त्याच्या ओठांना लावत राहिलो. वरून फावड्यांचा आवाज येत होता, पण जवळ येत नव्हता. हवा जड झाली होती. मी त्याच्याशी बोलत राहिलो. तो उत्तर देत होता, मग नुसतं ‘हं’ म्हणू लागला, मग तेही थांबलं.

दुपारी दार उघडलं. ढग तसेच होते.

रस्ता उघडल्यावर मी खाली आलो आणि रेमाच्या घरी फोन केला. त्याच्या आईला फक्त मिझो येत होतं. बहीण इंग्रजीत बोलली. सुभेदार साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, त्रास झाला नाही असं म्हण. पण तिने सरळच विचारलं, “वॉज ही इन पेन?”

“येस,” मी म्हणालो. “बट ही वॉज नॉट अलोन.”

“व्हॉट डिड ही से?”

“ही वॉज करेक्टिंग माय इंग्लिश.”

ती हसली. मग रडली. आईला तिने काहीतरी सांगितलं, मागे आईचाही आवाज आला. मग बहीण म्हणाली, “मदर हर्ड यू ऑन द स्पीकर. शी सेज यू टॉक लाइक हिम.”

आता मी निवृत्त आहे. उमरोळीला घराच्या पडवीत संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. बोईसरच्या कारखान्यांतली माणसं शिफ्ट संपवून येतात. वाणगावची कविता पॅकिंगमध्ये काम करते. तिने मागे विचारलं, “सर, तुमचं इंग्लिश आमच्या मॅनेजरसारखं नाय वाटत. तुमी कुठं शिकले?”

मी फळ्यावर नाव लिहिलं. लान्सनायक लालरेमरुआता. मिझोराम. तिला ते नीट उच्चारता येईना. मी सगळ्या वर्गाकडून ते मोठ्याने म्हणवून घेतलं, बरोबर येईपर्यंत.