तीन खुंट्यांचा ओटा

निसार मिस्त्रीला खुंटीचा फार आदर. जमिनीत ठोकलेली, डोक्याला गेरू फासलेली खुंटी दिसली की हा माणूस तिला वळसा घालून जायचा. ओलांडायचा तर कधीच नाही. वडिलांनी दगडकामाच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खुंटी साहेबाची, दोरी आपली. खुंटी कशाला ठोकली ते विचारायचं नाही." निसारनं ते चाळीस वर्षं पाळलं. विहिरी बांधल्या, घाटाच्या पायऱ्या बसवल्या, एकदाही दोरी चुकली नाही. हे तो इतक्या वेळा सांगायचा की ऐकणाऱ्याला जांभई यावी.

१९३६ साली नाशिकबाहेरच्या माळावर कॉलेजची नवी इमारत उठत होती. काळ्या दगडाची, दुमजली, मधोमध मोठी कमान. या कमानीत निसारचा जीव अडकला होता. एवढ्या रुंदीची कमान त्याच्या घराण्यात कुणी बांधली नव्हती. कमान पुरी होते ती माथ्यावरच्या कळीच्या दगडानं. दोन्हीकडचा भार तो एकटा अडवून धरतो. तो दगड आपल्या हातानं बसवला की मग अल्लानं बोलावलं तरी चालेल, असं तो बायकोला सांगायचा. सुरय्या म्हणायची, "आधी घराची कौलं बसवा, मग खुशाल जा."

दर महिन्याला भद्रकालीतला देवराम फोटोग्राफर टांग्यातून कॅमेरा घेऊन यायचा. इमारत कशी वाढत गेली याचा आल्बम संस्थेच्या सेक्रेटरींना करायचा होता. सगळे फोटो एकाच जागेवरून हवेत, नाहीतर पानं उलटताना इमारत उड्या मारते. म्हणून एका शुक्रवारी देवरामनं कॅमेऱ्याच्या घोडीचे तीन पाय टेकले होते तिथं तीन खुंट्या ठोकल्या. त्या हरवू नयेत म्हणून कामावरचाच गेरू घेऊन त्यांच्या डोक्याला फासला. निसार तेव्हा नमाजाला गेला होता.

पुढच्याच आठवड्यात ओव्हरसीयरला हिवताप चढला आणि तो सिन्नरला घरी गेला. नकाशे त्याच्याच पेटीत. इकडे निसारला इमारतीसमोर पन्नास पावलांवर तीन लाल खुंट्या दिसल्या.

"मिस्त्री, तीन कोपऱ्यांचं कुणी बांधतं व्हय?" घमेलं उतरवत पुतळाबाई म्हणाली. ती दिंडोरीकडची, कामावरच्या बायकांची पुढारी. "इचारा की कुणाला तरी."

"खुंटीला विचारायचं नसतं, पुतळाबाई."

निसारनं डोकं लढवलं. कमानीच्या बरोबर समोर, म्हणजे ज्या शेटजींनी इमारतीला देणगी दिली त्यांच्या पुतळ्याचा ओटा असणार. तीनकोनी का? साहेबलोकांची फॅशन! त्यानं खुंट्या आत ठेवून बाहेरून ऐसपैस पाया आखला आणि नऊ दिवसांत पुरुषभर उंचीचा तीनकोनी ओटा उभा केला. शेटजींच्या पायाखाली हलका दगड कसा चालेल? म्हणून खास कमानीसाठी घडवलेले दगड त्यानं तिथं लावून टाकले. काम झाल्यावर चारदा भोवती फिरून आला, स्वतःवरच खूश होऊन.

दहाव्या दिवशी सेक्रेटरी आले आणि टांग्यातून उतरता उतरता थबकले.

"हे काय आहे?"

"शेटजींच्या पुतळ्याचा ओटा, साहेब."

"अहो, शेटजी जिवंत आहेत!" सेक्रेटरी ओरडले. "परवा मुंबईत माझ्याबरोबर जेवले!"

पुतळाबाईनं तोंडाला पदर लावला. पण सेक्रेटरींना हसू येण्यासारखं काही नव्हतं. कमानीचे दगड गेलेले, उद्घाटन तोंडावर आलेलं. निसार खुंट्यांबद्दल सांगू लागला, पण खुंट्या तर ओट्याच्या पोटात. दाखवणार काय?

"हे पाडा," सेक्रेटरी म्हणाले, "आणि उद्यापासून येऊ नका. कमान दुसरा मिस्त्री करील."

निसारला धाय मोकलून रडावंसं वाटलं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं बायांसमोर रडायचं कसं, म्हणून तो नुसता उभा राहिला. पहार मागवली खरी, पण ती उचलायला हात होईना.

तेवढ्यात देवरामचा टांगा आला. महिन्याच्या फोटोचा दिवस होता. तो ओट्याभोवती दोनदा फिरला.

"माझ्या खुंट्या कुठायत?"

पुतळाबाईनं ओट्याच्या पोटाकडे बोट दाखवलं. मग देवरामच्या डोक्यात प्रकाश पडला. गप्प बसला असता तर आल्बमचं काम टिकलं असतं. पण गडी सरळ.

"साहेब, चूक माझी. खुंट्या मी ठोकल्या, गेरूही मीच फासला. मिस्त्रींनी खुंटीचा मान राखला." आणि मग जरा चाचरत, "फोटो तर आज घ्यायलाच हवा. जागा तीच आहे, फक्त वर गेलीय."

शिडी लावून तो वर चढला, घोडी उभी केली आणि काळ्या कापडात शिरला. बराच वेळ बाहेरच येईना. जमिनीवरून त्याला कॅमेरा वर रोखावा लागे आणि प्रत्येक फोटोत इमारत मागं रेललेली यायची. सेक्रेटरी दर महिन्याला त्यावरून त्याला बोलायचे.

"साहेब, वर या!"

सेक्रेटरी धोतर सावरत शिडी चढले. खालून पुतळाबाई शिडी धरून, "दमानं, सायेब, दमानं!" कापडात डोकं घालताच ते ओरडले, "अहो, ही तर उलटी दिसतेय!"

"काचेवर उलटीच दिसते, साहेब. पण रेललीय का बघा."

रेलली नव्हती. खांब न् खांब ताठ. सेक्रेटरी बाहेर आले तेव्हा पगडी वाकडी आणि चेहरा खुललेला.

"ओटा राहू द्या," ते म्हणाले. "पण कमानीच्या दगडांचं काय?"

"वीस दिवस द्या, साहेब," निसारनं हात जोडले.

"पंधरा."

चौदाव्या दिवशी दगड घडून तयार होते. टाकीचे घाव ऐकून ऐकून आसपासच्या चिमण्याही पसार झाल्या, असं पुतळाबाई सांगायची.

फेब्रुवारीत कळीचा दगड वर चढवला. निसारनं बिस्मिल्ला म्हणत लाकडी मोगरीचे दोन ठोके दिले आणि दगड जागच्या जागी बसला. ओट्यावरून देवराम ओरडला, "मिस्त्री, हलू नका!" हलतो कसला! दगडावर हात ठेवून तो श्वास रोखून उभा राहिला, आणि खाली बायांनी एकच गलका केला.

चार दिवसांनी फोटो घरी आला. सुरय्यानं तो दारातल्या उजेडात धरला.

"अजी, यात तुम्ही कुठं आहात?"

"हा काय, माथ्यावर. तांदळाच्या दाण्याएवढा."

"तोंडसुद्धा दिसत नाही."

"तोंडाचं काय घेऊन बसलीस! कळीच्या दगडाचा सांधा बघ."

सुरय्यानं फोटो अगदी डोळ्यांशी नेला, इकडून तिकडून फिरवला.

"सांधा तर कुठं दिसतच नाही."

"मग!" निसार म्हणाला, आणि इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.