सोळा पानांची चूक

पुठ्ठामावशींची नजर गेली, हात थरथरायला लागले, म्हणून सरांच्या पुस्तकातली सोळा पानं शिवायची राहिली, अशी आवई गल्लीत उठलीय. साफ थाप! शेजारी म्हणून सांगतो, आमच्याकडे कोण आलं-गेलं ते या बाईला खिडकीतून, चष्म्याशिवाय दिसतं.

तीस वर्षं मावशी घरी पुस्तकबांधणी करतात. सोळा पानांचा एक फर्मा घडी घालायचा, फर्मे ओळीने लावायचे, सुईने शिवायचे, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. आजवर एक पान इकडचं तिकडे नाही. या कामावरच त्यांचं नाव आणि पोट.

सरांचं पुस्तक अस्पृश्यतेविरुद्ध. भाषा अशी जहाल, की कागद पेटावा! काम पाहायला सर स्वतः आले. मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला. सरांनी तो ओठांपाशी नेला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, आडनाव काय तुमचं?"

मावशींनी सांगितलं. पेला होता तसा खाली आला.

"डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलंय हो."

पाच मिनिटांनी तेच सर आमच्या ओट्यावर दोन पेले गटागटा प्यायले. डॉक्टरांची आमच्या घराशी ओळख असावी! आता बातमी पोटात ठेवणारा माणूस मी नव्हे. उठलो आणि मावशींना सांगून आलो. त्या सुईत दोरा ओवत राहिल्या.

प्रकाशनाला सभागृह भरलेलं. पाहुणे म्हणाले, "आता सरांचं गाजणारं प्रकरण वाचतो, 'एका पेल्यातलं पाणी'." पान उलटलं. अठ्ठेचाळीसनंतर थेट पासष्ट! दुसरी प्रत मागवली, तिसरी मागवली. सगळीकडे पासष्टच. पाहुणे घामाघूम, सर लालबुंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मावशींच्या दारात. उंबऱ्याबाहेरच, अर्थात. अख्खी गल्ली गोळा झाली, पुढच्या रांगेत मी.

"बाई, नाक कापलंत माझं! आता एकही छापखाना तुम्हाला काम देणार नाही. तीनशे प्रतींत चौथा फर्मा शिवायला विसरलात?"

मावशींनी आतून तीनशे फर्म्यांचा गठ्ठा आणला. घड्या घातलेला, सुतळीने नीट बांधलेला. वर पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि उंबऱ्यावर सरकवला.

"विसरायला मी काय लेखक आहे? तुम्ही लिहिलेलं विसरलात सर, मी वाचलेलं नाही विसरले. हे पाणी प्या, आत्ता शिवून देते."