हजेरीच्या ॲपमधले आवाज

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. कवितेत तर नाहीच – तिथे मी नेहमीच बरी दिसते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमच्यासमोर बसून मला उद्या चहा प्यायचा नाही. दुसरे कारण शोधले, सापडले नाही.

कुठून सुरुवात करू? रेंजपासून करते. जोयड्याच्या जंगलाच्या या अंगाला रेंज झऱ्यासारखी असते – कुठे लागते ते बायकांना ठाऊक असते. कुंभारवाड्याच्या वाटेवर एका वळणाला दगडावर चढून उभे राहिले, की फोनला जाग येते. तिथे उभ्या राहून बायका गोव्यात कामाला गेलेल्या आपल्या मुलांशी बोलत. काळी नदीच्या काठच्या ज्या रिसॉर्टची मी व्यवस्था पाहते, तिथे मालकांनी वायफाय आणले आणि सांगितले – ज्याला हवे त्याने फोनवर हजेरीचे ॲप घालून घ्यावे. कामावरच्या बायकांनी आपले फोन आपल्या हाताने माझ्या हातात दिले. एकाला हळदीचे बोट लागलेले, एकाला चुलीच्या धुराचा वास. ‘परवानगी द्या’ असे जिथे जिथे आले, तिथे तिथे मीच बोट टेकवले.

ते नुसते हजेरीचे नव्हते. फोनवरचे निरोपही त्यातून ऑफिसच्या संगणकावर उतरत – लिहिलेले आणि बोललेलेही. जीपवाले पाहुण्यांशी परस्पर भाडे ठरवतात असा मालकांना संशय होता. तेवढेच बघा, म्हणाले. तेवढे मी बघितले. आणि मग – मग मी ऐकत बसले.

ऐकणे. किती निरुपद्रवी शब्द, नाही? आमच्या बायका लिहीत नाहीत. बटण दाबून धरतात आणि बोलतात. त्यांच्या आवाजामागे भांड्यात पडणारे पाणी असे, ओल्या फाट्यांची तडतड असे, वाक्य संपल्यावर उरलेला थोडा श्वास असे. मी स्वतःला सांगत असे, की मी बोली गोळा करते आहे. खोटे होते ते. मला चटक लागली होती.

सगळ्यांत जास्त मी रुक्माचे निरोप ऐकत असे. रुक्मा आमच्या स्वयंपाकघराची मुख्य. तिने रांधलेल्या कंदांच्या भाजीसाठी पाहुणे पुन्हा येत. जयू चादरी धुणारी. दोघी एकाच वाडीत, शेजारशेजारच्या घरांत लग्न करून आलेल्या. कामाच्या जागा वेगळ्या, म्हणून दिवसभर एकमेकींना निरोप. आणि अशाच एका निरोपात मला मी भेटले.

“गे जयू, अक्का आज चा घेऊन बसल्या. पिईनात! वाफंकडं बगत हुत्या, देव दिसल्यागत. मग चा गार झाला, तर म्हनत्यात – रुक्मा, चहात आज ऊब नाही गंऽऽ!” माझा आवाज तिने हुबेहूब काढला होता. उत्तराच्या निरोपात जयू हसून हसून खोकत होती. “अगो, कविता आली आसंल त्यास्नी. जुलाबाच्या आदी येती न्हवं, तसली कळ!”

रागावण्यासारखे काय होते त्यात? खरेच तर होते. मी तो निरोप पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग रुक्माचे जुने निरोप उकरायला बसले – काठी खुपसून माती सैल करावी, हात घालून चाचपावे, तसे. मला काहीतरी हवे होते. काय, ते हाताला लागेपर्यंत माहीत नव्हते.

त्या निरोपात ती अगदी हळू बोलत होती. “जयू, कुनाला बोलू नगंस. माजं अंग भाईर येतंय. हंडा उचलला की खाली उतरतंय. खोकलं की लुगडं भिजतंय गे. फडक्याची घडी लावून हुबी ऱ्हाते. ह्यांना बी म्हाईत न्हाई. कळलं तर चुलीम्होरं हुबी करनार न्हाईत मला.” आणि जयूचे उत्तर – “मी हाय न्हवं? हंडं मी उचलीन. तू हाक मार नुसती.”

म्हणून जयू चादरी टाकून स्वयंपाकघरात पळत असे. त्यासाठी मी तिला कामचुकार म्हटले होते. आता कळले होते. कळल्यावर मी काय केले? सांगते, सांगते आहे.

सकाळी मागच्या अंगणात सगळे नाश्त्याला जमले होते – जीपवाले, वाढपी, झाडणाऱ्या बायका. रुक्मा तवा सांभाळत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण मायेच्या आवाजात म्हणाले, “रुक्मा, मोठे हंडे तू उचलू नकोस गं. आणि ती आतली फडकी उन्हात वाळवत जा – स्वयंपाकघरात वास येतो.”

वास येत नव्हता. हे मला नीट सांगू द्या. माझ्या नाकावर माझा फार विश्वास आहे. आयुष्यभर मी त्याच्याच बळावर लिहिले. त्या सकाळी तिथे भाजलेल्या खोबऱ्याचा वास होता, कोकमाचा होता, ओल्या लाकडाचा होता. रुक्माच्या अंगाला साबणाचा होता. दुसरा कोणताही नव्हता.

एक जीपवाला फिस्सकन हसला. दुसऱ्याने ताटली खाली ठेवली. रुक्माने माझ्याकडे पाहिले नाही – तिने जयूकडे पाहिले. ते मी ठरवले नव्हते. पण तिची नजर वळताना मला दिसली, आणि मी ती वळू दिली.

दुपारी ती ऑफिसच्या दारात आली. “अक्का, जयूनंच सांगितलं न्हवं? तुमी नुसतं न्हाई म्हना. मी जाते.” माझ्या पाठीमागे संगणक चालू होता. एका शब्दाचे काम होते. मी म्हणाले, “जाऊ दे रुक्मा. आता नाव कशाला घ्यायचे?”

कौल जयूनेच मागितला. वाडीच्या देवळात गुरवाने देवाच्या अंगावर ओली फुले लावली – जयू निर्दोष असेल तर उजवे पडू दे, नसेल तर डावे. दोघींनी मला मानाने पुढे बसवले होते. मी हात जोडले होते. कशासाठी, विचाराल? डाव्यासाठी. फूल बराच वेळ थरथरत राहिले, आणि डावे पडले. देव चुकला असे मी म्हणणार नाही. फूल ओले होते, जड होते. जयू ओरडली – “न्हाई गे रुक्मे, न्हाई!” – आणि मला हायसे वाटले. नुसते हायसे नाही. गोड वाटले.

रुक्मा पुन्हा कामावर आली नाही. दोघींच्या घरांच्या मध्ये आता काटेरी कुंपण आहे. ॲप अजूनही सगळ्यांच्या फोनवर आहे; पावसाळ्यानंतर नवी मुलगी आली, तिच्याही फोनवर मीच घातले.

जयू आहे. चादरी धुते. आणि वेळ मिळाला, की नळाच्या आडोशाला बसून रुक्माला निरोप पाठवते. रुक्माने फोन बंद करून पेटीत टाकला आहे, हे तिला ठाऊक आहे, तरी पाठवते. “रुक्मे, हंडा उचलू नगंस गे. मी भरून देते. दार तेवडं उगड.” ते निरोप जिथे जायला हवेत तिथे जात नाहीत. माझ्याकडे उतरतात.

काल तिचा आवाज बसला होता. बसलेल्या आवाजाला खाली एक खरखर असते, वाळूवरून पाणी सरकावे तशी. मी खुर्ची जवळ ओढली आणि तो निरोप पुन्हा लावला.